सायकल दिली, वाट कुठे आहे?

सायकलीसाठी वेगळी वाट हवी, असे आमच्या चंद्रपुरात चारचौघांत एकदा म्हणून पाहावे. आधी लोक हसतात. मग कोणीतरी पाठीवर थाप मारून विचारतो, "काहून जी, मोटार घ्यायला पैसे नाहीत काय?" आणि बैठक पुढल्या विषयाकडे वळते. हे हसू मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे भांडण काढणे शिष्टाचाराला धरून नव्हे, हे मी जाणतो. पण ताटात करंजीशेजारी तिखट शेवही असतेच. तेव्हा हे भांडण त्या शेवेच्या जागी समजावे.

माझे मागणे अगदी लहान आहे. इरई नदीवरच्या दाताळ्याच्या पुलापासून निघावे, जटपुरा वेशीशी यावे आणि परकोटाच्या कडेकडेने रामाळा तलावाच्या बागेशी थांबावे. अंतर कोसाच्या आसपास. एवढ्या अंतरात सायकलीला आपली म्हणता येईल अशी चार हात रुंदीची, झाडांच्या सावलीची, मोटारीला मज्जाव असलेली वाट असावी, इतकेच. हे अंतर मी सायकलवरून नेहमी तोडतो. पुलावर सकाळचा वारा असतो, नदीवर धुके असते, आणि माणसाला वाटते की आपण राजे आहोत. ते राज्य वेशीपर्यंत टिकते. वेशीच्या तोंडाशी ऑटो, फटफट्या, शाळेच्या गाड्या आणि कुठल्याशा साहेबांची भली थोरली मोटार अशी सारी फौज एकाच वेळी आत घुसू पाहते, आणि सायकलवाल्याला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. त्या फौजेतल्या कोणाच्याही मनात माझ्याविषयी वैर नसते. मी त्यांना दिसतच नाही.

ज्या भिंतीला पाठ लावून मी उभा असतो, तिच्याकडे एकदा नीट पाहावे. गोंड राजांनी या गावाभोवती सुमारे ११ किलोमीटरचा परकोट घातला. त्याला चार वेशी ठेवल्या: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी पाच खिडक्याही ठेवल्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. खिडकी म्हणजे लहान दार. हत्ती, घोडे आणि गाड्या वेशीतून जात. पण नदीवर पाण्याला जाणारी बाई, देवाला जाणारा म्हातारा, खांद्यावर तिरडी घेतलेली चार माणसे, यांना हत्तीच्या पायांतून जावे लागू नये, एवढा विचार या खिडक्यांत मला दिसतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांना जे सुचले, ते आज आराखडे, नकाशे आणि अभियंते पदरी असलेल्यांना सुचू नये? मी सायकलीसाठी मागतो आहे ती सहावी खिडकी आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप प्रतिष्ठितांचा: सायकल हे गरिबाचे वाहन, गाव पुढे चालले आहे, तुम्ही मागे का नेता? या मंडळींना मी आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण देतो. वरोऱ्याच्या आनंदवनातून उठून बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीला गेले आणि तिथून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' म्हणत निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना स्वतःला सायकल चालवणे शक्य नव्हते. पण त्यांच्याबरोबरची तरुण मुले-मुली सायकलींवर होती. देश जोडायला जे वाहन कमी प्रतीचे वाटले नाही, ते नदीपासून बागेपर्यंत जायला कमी प्रतीचे कसे ठरते? आणि गरिबाचे वाहन आहे म्हणून त्याला वाट नको, हा तर खासा न्याय झाला! ज्याच्यापाशी मोटारीचा पत्रा आहे त्याला रुंद रस्ता, आणि ज्याच्यापाशी फक्त कातडी आहे त्याने गटाराच्या कडेने जावे!

दुसरा आक्षेप उन्हाचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. त्या भट्टीत सायकल कोण चालवणार? उत्तर सोपे आहे: जो आजही चालवतो तोच. दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, खाणीत आणि वीज केंद्रात कंत्राटावर जाणारा मजूर. यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. ऊन आहे म्हणून वाट नको, असे म्हणणाऱ्यांनी ऊन आहे म्हणून झाडे हवीत, असे म्हणून पाहावे. ज्या दोन जिल्ह्यांची ओळखच जंगल आहे, तिथल्या माणसाला कोसभर सावली मिळू नये, ही लाज उन्हाची नाही, आपली आहे. कडुनिंब, करंज, मोह आमच्या मातीत काही परदेशातून आणून लावावे लागत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो अनुभवाचा आहे. सायकलीच्या वाटा बांधल्या तरी फुकट जातात, असे लोक म्हणतात. आणि ते खोटे नाही. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तिथे वाटा झाल्या, त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, हातगाड्या लागल्या, मध्येच विजेचे खांब आले. २०१७-१८च्या सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. मुंबईत तर पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकलीची वाट बांधायला घेतली. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि बांधले तेवढे काढून टाकायला सांगितले. न्यायालयाचे ते करणे मला योग्यच वाटते. तलावाचे पोट भरून सायकलीचे कल्याण होत नाही.

पण या उदाहरणांतून शिकायचे काय? वाट नको हे, की वाट शहाणपणाने बांधावी हे? इरईच्या काठी खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आधीच उभे आहेत. २०१३ आणि २०२२च्या पुरांत नदीने आपली जागा कोणती हे घराघरांत शिरून सांगितले आहे. तेव्हा तिच्या पात्रात सिमेंट ओतून 'सुशोभन' करणाऱ्यांच्या रांगेत मला उभे करू नये. मला रंगीत फरशी नको, कमान नको, उद्घाटनाची कोनशिला तर मुळीच नको. आहे त्या रस्त्याची एक कड हवी आणि मोटार चढू नये असा उंचवटा हवा. परकोटाच्या बुंध्याशी पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन जे होईल तेवढेच व्हावे. २०१७पासून इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी याच परकोटावरची झुडपे आणि कचरा हातांनी काढला. गावाने मनावर घेतले तर भिंतीची कड मोकळी होते, हे तेव्हाच सिद्ध झाले. आता त्या मोकळ्या कडेचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे. मोटारी उभ्या करायच्या, की मुलांना जाऊ द्यायचे?

मुलांना, हा शब्द मी मुद्दाम वापरला. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. २०२२मध्ये त्यासाठीची रक्कम ५,००० रुपये करण्यात आली. योजना चांगली आहे. तिच्यामुळे कितीतरी पोरींची शाळा सुटायची राहिली असेल. पण सायकल हाती दिल्यावर ती पोरगी चालवणार कुठे? कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर? भाऊबीजेला बहिणीच्या ताटात सायकल घालायची आणि ती दारातून बाहेर पडताच रस्ता ट्रकाला द्यायचा, ही ओवाळणी कसली?

यात मी तिखटमीठ लावत नाही. ७ ऑगस्ट २०२५च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली रस्त्यावर काटली गावाशी व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. त्यांच्यापाशी सायकलीही नव्हत्या. गावात पळायला, बसायला, श्वास घ्यायला रस्त्याच्या कडेवाचून दुसरी जागा नसणे, हाच त्यांचा गुन्हा. आणि फेब्रुवारी २०२२मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात पाळी संपवून सायकलवरून घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने उचलले. वाघ आला की छायाचित्रे छापून येतात, सभा होतात, पिंजरे लागतात. ट्रक रोज येतो, त्याच्यासाठी पिंजरा नाही.

हॉलंड हा सायकलींचा देश. तिथली माणसे जन्मतःच सायकलवेडी असतील अशी आपली समजूत आहे. खरी गोष्ट निराळी आहे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले मेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर आले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. रस्त्यांवर आडवे बसून त्यांनी सरकारला वाटा बांधायला लावल्या. म्हणजे ज्या वाटांचे आपण कौतुकाने फोटो पाहतो, त्यांच्या मुळाशी शोक आहे आणि त्या शोकाचे गप्प न बसणे आहे. आपल्याकडे शोक होतो. चार दिवस रस्ता अडतो. पाचव्या दिवशी ट्रक पुन्हा धावू लागतात.

"एका कोसाने काय होणार?" हा शेवटचा प्रश्न. होणार हे की चंद्रपुरातली एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, तो नुकताच कैची सोडून सीटवर बसायला शिकलेला असताना, "जा, नदी पाहून ये" असे म्हणू शकेल आणि तो परत येईपर्यंत दारात उभी राहणार नाही. जिल्ह्याच्या गावी हे एकदा घडले, की मूल आणि गडचिरोली आपला कोस मागतील. चामोर्शी, आलापल्ली मागतील. मागण्याला आधी काही तरी दिसावे लागते.

या दिवाळीत पुष्कळ घरांत नवी सायकल येईल. तिच्या हँडलला झेंडूची माळ लागेल, चाकाला कुंकू लागेल. वाचकहो, ती माळ घालताना आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढेच विचारा, की ही पोरगी उद्या सकाळी कोणत्या वाटेने जाणार. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.