पेढीची वही कोठें ठेवावी?

पेढीची वही पेढींतच असावी, असा आमच्या व्यापारी वाचकांचा जुना आग्रह आहे. वहीच्या जागीं संगणक आला, तरी आग्रह तोच. परंतु ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां हिशेबाची एकुलती प्रत दुकानांतच ठेवणें किती धोक्याचें, हें उघड झालें.

‘क्लाउड’ या नांवानें कोणी बिचकूं नये. दुसऱ्याच्या कोठींतील संगणक आपण भाड्यानें वापरावयाचा, इतकाच त्याचा अर्थ. वीज व राखण कोठीवाल्याची. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुण्यास व ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस अशी सोय केली.

मात्र कोठीसही आग लागते. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबूर्ग येथें ओव्हीएच कंपनीची इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत अन्य गांवीं होती ते सावरले. कित्येकांची राखीव प्रतही त्याच आवारांत होती, त्यांची माहिती कायमची गेली! म्हणून करार करतांना दुसरी प्रत कोणत्या गांवीं राहणार, हें आधीं विचारावें. भाड्याची घासाघीस मागाहून करावी. नोंदणीकृत कंपन्यांस तर भारतांतील सर्व्हरवर रोज प्रत ठेवण्याचें बंधन २०२२ पासून आहेच.

आम्हांस याहून अधिक काळजी किल्लीची वाटते. एकत्र कुटुंबांत हें खातें बहुधा धाकट्या पुतण्याच्या ईमेलवर उघडलें जातें. उद्यां तो वेगळा झाला, तर पेढीचा सारा व्यवहार कोणाच्या हातीं राहील? खातें पेढीच्या नांवें असावें, आणि संकेतशब्द निदान दोघांस ठाऊक असावा. पैकीं एक हिशेब जाणणारी सूनबाई असल्यास उत्तमच.