ड्राफ्ट येतो, मास्तर येत नाही

तेरेखोलच्या खाडीपलीकडच्या गोव्याने मुंबईला काय दिले याचा हिशेब मांडायचा, तर तिथल्या वादकांना विसरून चालणार नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता; पण त्याच शिक्षणावर मुंबईचा जॅझ उभा राहिला. गोव्यात वाजवून पोट भरेना. मुंबईत ताजमहाल हॉटेल होते, पुढे सिनेमाचे स्टुडिओ आले. धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये ट्रंक ठेवायची आणि काम शोधायचे!

आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाले. ‘अलबेला’तल्या (१९५१) सी. रामचंद्रांच्या गाण्यांच्या पाश्चात्त्य झिंगेत त्यांच्या वाद्यवृंदाचा मोठा वाटा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ते १९६५ मध्ये अमेरिकेला गेले. पुढे गावी परतले आणि २०१२ मध्ये वारले. १९७७ च्या एका गाण्याने त्यांचे नाव देशभर पोचवले. पण असा माणूस खरोखरच होता, हे कितीजणांना ठाऊक होते?

जाणाऱ्याला मी दोष देत नाही. कला पोटापाठोपाठ जाते. मात्र गावातला उत्तम वादक आगबोटीत बसला की पुढच्या पिढीचा मास्तरही त्याच बोटीने जातो. हे नुकसान लगेच दिसत नाही, वीस वर्षांनी दिसते.

आपल्या सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी नाही. बँकेच्या नोकरीत मुंबईहून येणारे ड्राफ्ट मी वर्षानुवर्षे वटवले. त्यांतून घरांवर कौले चढली, मुलींची लग्ने झाली. पण आपला पखवाजवाला आणि पेटीवाला मुंबईतच राहिला. डबलबारीला तिथे गर्दी लोटते, आणि इथे दशावताराला साथीदार शोधत फिरावे लागते. चतुर्थीला तो येतो, आरत्या-भजने दणाणून सोडतो, गौरी-गणपती पोचवून परत जातो. तेवढ्या दिवसांत कुणाचा हात तयार होत नाही. त्याला रोजची बैठक लागते.

मुंबईतली आपली ग्रामस्थ मंडळे देवळाच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने वर्गणी देतात. त्यातलाच थोडा भाग त्यांनी एका मास्तरच्या महिन्याच्या मानधनासाठी बाजूला काढावा. निवृत्त होऊन गावी परतलेला वादक आणि संध्याकाळी रिकामी असलेली शाळेची खोली, एवढ्यावर सुरुवात होईल. शिकलेली पोरे उद्या मुंबईला जातील, खुशाल जावोत. मागे शिकवणारा उरला पाहिजे.