दिवा बदलण्याआधी स्क्रू बघा

पावसाळा सरला की दुचाकीवरून लांब पल्ल्याच्या फेऱ्या सुरू होतात. कुणी ताम्हिणी उतरून कोकणात जातो, कुणी आंबोलीमार्गे गोव्याला. मागे दोन बाजूंना पेट्या, त्यावर बांधलेली सॅक, बहुतेक वेळा डबलसीट. निघायला उशीर ठरलेलाच, त्यामुळे शेवटचे पन्नास-साठ किलोमीटर अंधारात कापावे लागतात. परतल्यावर गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास होते, ‘लाइट नीट पडत नाही’. त्यावरचा उपायही ठरलेला. जास्त वॉटचा बल्ब, पांढराशुभ्र एलईडी किंवा क्रॅश गार्डवर दोन जादा दिवे. दिव्यात प्रकाश पुरेसा आहे, पण तो जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, ही शक्यता फारच कमी जण तपासतात. आणि तसे असेल तर दोष बऱ्याचदा बोटाएवढ्या एका स्क्रूमध्ये असतो.

हेडलाइटचा वाडगा, म्हणजे आतला परावर्तक, गाडीला घट्ट ठोकलेला नसतो. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाड्यांत तो साधारणपणे तीन ठिकाणी टेकलेला असतो. एका जागी गोल बिजागर आणि उरलेल्या दोन जागी अॅडजस्टर. त्यातला एक झोत वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे. अॅडजस्टर म्हणजे एक लांब स्क्रू, तो ज्यात फिरतो तो प्लास्टिकचा नट किंवा सॉकेट आणि त्यांना ताणून धरणारी स्प्रिंग. स्क्रू हाताने फिरायला हवा, पण आपोआप फिरता कामा नये, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. ती पूर्ण होते फक्त घर्षणामुळे. प्लास्टिक उन्हाने कडक झाले, झिजले किंवा स्प्रिंगचा ताण गेला की घर्षण कमी होते आणि कंपने आपले काम सुरू करतात.

कंपनांनी आटे सुटतात हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असते. ते का सुटतात हे मात्र बऱ्याच उशिरा नीट कळले. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के जास्त घातक असतात. आडवा धक्का बसला की आट्यांची एकमेकांवरची पकड क्षणभर सुटते आणि तेवढ्या वेळात बोल्ट केसभर उलटा फिरतो. असे हजारो केसभर मिळून एक फेरा होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हेडलाइटच्या वाडग्याला असे धक्के सतत बसत असतात.

एका फेऱ्याने किती फरक पडतो? हिशेब साधा आहे. स्क्रूच्या आट्यांतले अंतर १ मिलिमीटर आणि बिजागरापासून स्क्रू १० सेंटिमीटरवर असेल, तर एका फेऱ्याने झोताचा उतार एक टक्क्याने बदलतो. हेडलाइट जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि डिपरचा झोत १.२ टक्के खाली झुकवलेला आहे असे समजू. मग त्याची वरची कड ७५ मीटरवर रस्त्याला टेकते. स्क्रू तीन फेऱ्यांहूनही थोडा कमीच सैल झाला आणि उतार ४ टक्के झाला, तर तीच कड २२.५ मीटरवर येते.

आता ब्रेकचे गणित त्याशेजारी ठेवावे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर ते काय आहे हे कळून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी गाडी थांबायला आणखी २८ मीटर लागतात. एकूण ५३. उजेड मात्र साडेबावीस मीटरचा. म्हणजे रस्त्यात बसलेली म्हैस किंवा दिव्याविना उभी असलेली ट्रॉली दिसल्यावर हात ब्रेकपर्यंत पोहोचण्याआधीच गाडी तिथे पोहोचलेली असते. बल्ब दुप्पट वॉटचा लावला तरी हे अंतर बदलत नाही. फक्त जवळचा रस्ता जास्त झगझगतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि दूरचा अंधार आणखी गडद वाटतो.

उलट दिशेचा दोष चालवणाऱ्याला जाणवतच नाही, कारण त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. सामान आणि मागे बसलेला माणूस यांच्या वजनाने गाडीची मागची बाजू तीन सेंटिमीटर बसली आणि दोन चाकांतले अंतर दीड मीटर असेल, तर झोत दोन टक्के उचलला जातो. १.२ टक्के खाली असलेला झोत ०.८ टक्के वर जातो. पन्नास मीटरवर त्याची कड जमिनीपासून १ मीटर ३० सेंटिमीटर उंच असते. समोरून येणाऱ्या कारचालकाचे डोळे साधारण त्याच उंचीच्या आसपास, बहुधा थोडे खालीच असतात. दिवा डिपरवर आहे, चालवणाऱ्याचे मन स्वच्छ आहे आणि समोरचा अप्पर-डिपर मारून शिव्या घालतो आहे, हे रोजचे दृश्य इथून सुरू होते. यात स्क्रूचा दोष नाही. मागच्या शॉकअपचा ताण वाढवला की काम भागते. तरी अनेक जण स्क्रू पिळतात आणि सामान उतरवल्यावर झोत पायाशी पडतो म्हणून वैतागतात.

म्हणून आधी दोष कुठला ते ओळखावे. गाडी बंद असताना एका हाताने हेडलाइटचा वाडगा आणि दुसऱ्या हाताने त्याभोवतीचा डोम धरून हलवून पाहावे. दोन्ही एकत्र हलत असतील तर डोमचा ब्रॅकेट किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलल्यावर हँडलजवळ टकटक जाणवली तर कोनसेट पाहावा. फक्त वाडगा हलत असेल तर मात्र अॅडजस्टर. त्यातही दोन प्रकार संभवतात. स्क्रू आपोआप फिरतो आहे की सॉकेट झिजून त्यात खेळ आला आहे? यासाठी फार सुंदर आणि फुकटची युक्ती आहे. स्क्रूच्या डोक्यावर आणि त्याला लागून असलेल्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. गाडी शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणायची. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला. रेघ जागच्या जागी असून झोत सरकला असेल तर सॉकेट गेले. प्रयोगशाळेत याहून वेगळे काही करत नाहीत. दोन शक्यता असतील तर त्यांना वेगळे पाडणारी एक खूण शोधायची असते.

सॉकेट गेले असेल तर नवे घालावे. त्यावर टेप गुंडाळणे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबणे हे घरी पोहोचण्यापुरते ठीक. स्क्रू फिरत असेल तर बहुधा नवी स्प्रिंग किंवा स्क्रूखाली एक रबरी रिंग पुरते. पाहिजे असते ते फक्त हरवलेले घर्षण. इथे उत्साही मंडळी एक चूक करतात. इंजिनाच्या बोल्टला लावायचा आटे पकडणारा द्रव ते इथेही ओततात. तो धातूत धातू फिरत असेल तिथे नीट घट्ट होतो. प्लास्टिकच्या नटात तो धड सुकत नाही, शिवाय एबीएस, पॉलिकार्बोनेट अशा प्लास्टिकला तडे पाडू शकतो. दोनशे रुपयांचा भाग वाचवताना अख्खा हेडलाइट जाण्याची ही सोय आहे.

मग झोत लावायचा. सपाट जागा, दहा मीटरवर भिंत, टायरमध्ये योग्य हवा आणि नेहमी बसतो तेवढा माणूस सीटवर. हा शेवटचा मुद्दा गॅरेजमध्ये सर्रास विसरला जातो. गाडी डबल स्टँडवर घेतली की मागचे चाक उचलले जाते, झोत खाली जातो. त्या स्थितीत तो ‘बरोबर’ लावला, तर रस्त्यावर तो वरच जाणार. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढावी. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली यावी. गाडीच्या पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर तेच पाळावे.

आता डोळ्यांविषयी, कारण प्रश्न शेवटी त्यांचाच आहे. अंधारात डोळ्यांना पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तीव्र झोताने तो सराव क्षणात मोडतो आणि तो निघून गेल्यावरही काही सेकंद नजर ठिकाणावर येत नाही. दरम्यान वाहन सेकंदाला सतरा मीटर पुढे जातच असते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट आणि गढूळ होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोहोचतो आणि जो पोहोचतो तोही आत विखुरतो. समोर पांढरा पडदा धरल्यासारखे होते. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना हा त्रास कितीतरी जास्त. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वात मोठे कारण मोतीबिंदूच आहे आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणारे अनेक जण त्या काळात दुचाकी, रिक्षा, टेम्पो चालवतच असतात. पोटासाठी चालवावेच लागते. त्यांना ‘रात्री गाडी चालवू नका’ हा डॉक्टरांचा सल्ला योग्य असला, तरी समोरच्याने आपला झोत खाली ठेवावा ही मागणी त्याहून रास्त आहे.

हॅलोजनच्या वाडग्यात बाजारातला एलईडी बसवण्याची हौस या त्रासात भर घालते. वाडग्याचा आकार बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेनुसार आखलेला असतो. एलईडीचा प्रकाश त्या जागेहून, त्या आकारातून निघाला नाही की कड पुसट होते आणि उजेड चहूकडे सांडतो. असा दिवा स्क्रूने कितीही खाली झुकवला तरी समोरच्याला दिपवतोच. त्यातून १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत बंदच करता येत नाहीत. हा निर्णय चांगला होता, दुचाकी दिवसा लांबून दिसू लागल्या. पण जो दिवा बंद करता येत नाही तो नीट लावलेला असणे अधिकच गरजेचे, एवढा विचार त्याच्या जोडीला झाला नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम सांगतो, की झोत कायम खाली झुकलेला असावा आणि दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये. कागदावर हे ठीक आहे. पण नुसते आठ मीटरवरचे माप घेतले तर वर हिशेब केलेला, वर उचललेला झोत तिथे ९६ सेंटिमीटरवरच असतो आणि बिनबोभाट सुटतो. त्याचा त्रास पन्नास मीटरवर होतो. ते माप घेणारेही कुणी नाही. पीयूसी केंद्रात धूर तपासतात, दिवा नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, तोवर झोताकडे सरकारी नजर जात नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात पॉलिशचे पैसे असतात, झोत तपासल्याची नोंद क्वचितच दिसते.

यासाठी महागड्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक पीयूसी केंद्रामागे बहुधा एक भिंत असते. तिच्यावर अर्ध्या मीटरपासून सव्वा मीटरपर्यंत आडव्या रेघा रंगवल्या, समोर दहा मीटरवर जमिनीवर एक पट्टा मारला आणि प्रमाणपत्रात झोताचा एक रकाना वाढवला, तर तपासणीला दोन मिनिटे जादा लागतील. तपासणी संध्याकाळी करावी लागेल किंवा वर पत्र्याची सावली लागेल, हे खरे. परिवहन खात्याने निदान सर्व्हिस सेंटरांना तरी ही सक्ती करायला हरकत नव्हती.

तोपर्यंत काम गाडीवाल्यावरच आहे. नवी स्प्रिंग घातल्यावर स्क्रूच्या डोक्यावर पुन्हा ताजी रेघ ओढावी आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पेट्रोल भरताना वाकून एकदा ती पाहावी.