अर्थसीतला पाऊस

जादूगाराने छू म्हटलं की सगळं मिळतं, असं आपल्याला वाटतं. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९६८ सालच्या कादंबरीत तसं नाही. तिच्यातलं जग म्हणजे अर्थसी, समुद्रात विखुरलेली पुष्कळ बेटं. तिथले जादूगार ढग हलवतात. पण इथला पाऊस लोटला की दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. एकाने ढग ढकलला की दुसरा आणखी पुढे ढकलतो. शेवटी बिचारा ढग समुद्रावर जाऊन बरसतो! पाटाचं पाणी वरच्यानेच घेतलं तर खालच्याची ज्वारी वाळते ना, तसंच हे.

जादूचं जेवण गोड लागतं, पण अंगात बळ येत नाही. म्हणून तिथेही शेतकरी, कोळी, गुराखी लागतातच. नायक गेडसुद्धा लहानपणी शेळ्या राखायचा.

गेडचे गुरू ओगियन पाऊस थांबवू शकत होते, तरी झाडाखाली भिजत झोपले. गेडला राग आला. पण माझ्या मते तेच सगळ्यांत मोठे जादूगार.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटली नाही. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत मुलींना घेत नाहीत. का म्हणून?