जुनी भारी रोड बाईक की नवी?

वीस वर्षांपूर्वीची टॉपची रोड बाईक आज घ्यावी का? वजनाचं टेन्शन घेऊ नका राव. शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलो वजनाची यूसीआयची अट २००० सालापासून तीच आहे!

खरा फरक टायरचा. तेव्हा २३ मिमी, आता २८ किंवा जास्त. हवा कमी भरली तरी चालते, खड्डे कमी जाणवतात. पावसात घाट उतरताना ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तिथे डिस्कच हवा.

पण गिअर? २०२१ च्या ड्युरा-एसमध्ये केबलचा पर्यायच नाही, सगळं बॅटरीवर. केबल तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवालाही बदलून देतो.

तेव्हा फ्रेमला तडा नाही ना, २८ चा टायर बसतो ना, एवढं बघा. बसला, तर बिनधास्त जुनी घ्या.