काठ सजले, पाण्याचे काय?

छत्रपती संभाजीनगराची तहान आज पैठणच्या नाथसागरावर भागते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवरून हे पाणी चढावर उपसून आणावे लागते आणि नळाला पाणी येण्याच्या वाराची वाट पाहण्यात येथील असंख्य घरांनी वर्षानुवर्षे घालविली आहेत. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी खाम नदी शहरातून वाहत जाऊन अखेर याच नाथसागराला मिळते. ज्या जलाशयाकडे सांडपाणी वाहू द्यावे, त्यातच आपली घागर बुडवावी, याहून विपरीत व्यवहार कोणता?

महानगरपालिका, छावणी परिषद, उद्योगक्षेत्र आणि स्वयंसेवी संस्था यांनी २०२१ पासून खामच्या पुनरुज्जीवनाची मोहीम चालविली आहे. काठावरील कचऱ्याचे ढीग हलले, झाडे लागली, नाक मुरडून जाणारा नागरिक तेथे फिरावयास येऊ लागला. या कामाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु कचरा डोळ्यांत खुपतो म्हणून उचलला जातो. नाल्यावाटे प्रक्रियेविना येणारे सांडपाणी मात्र पात्रात निमूटपणे मिसळते. काठ सजविणे ही नदीच्या उपचाराची सुरुवात आहे, सांगता नव्हे.

या नगराला पाण्याची शहाणीव नवी नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी भुयारी नहरींनी नगरात आणले. खामच्या काठची पाणचक्की पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर फिरली. पाणी आधी जमिनीत मुरले पाहिजे, मगच ते नहरीत उतरेल, हे त्या रचनेचे साधे सूत्र होते. माती उघडी पडली आणि ओढे बुजले, तर नहर कितीही कौशल्याने बांधलेली असो, कोरडीच राहणार.

पाणी मुरविणारी अशी जमीन शहरात आता थोडीच उरली आहे. त्यांत दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग आणि लगतचे डॉ. सलीम अली सरोवर यांचे स्थान पहिले. कृषी विद्यापीठाच्या फळसंशोधनाची ही बाग म्हणजे जुन्या वृक्षांचे, पक्ष्यांचे आणि गारव्याचे आश्रयस्थान होय. राज्याचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. तरतूद स्तुत्य आहे. पण साठ वर्षांच्या चिंचेची सावली साठ रोपे उद्या सकाळी देऊ शकत नाहीत. २०१९ मध्ये सिडकोतील प्रियदर्शिनी उद्यानातील स्मारकावरून वृक्षतोडीचा वाद पेटला, तेव्हा नागरिकांना हेच उमगले होते.

शहर वाढणार, त्याला घरे व रस्ते लागणार, हा युक्तिवाद खोटा नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांनी हजारो कुटुंबांना भाकरी दिली आहे. परंतु इमारतीला दुसरी जागा शोधता येते. नदीला दुसरे पात्र आणि जुन्या बागेला दुसरे शतक देता येत नाही. पूररेषेत घर बांधणाऱ्या गरिबाच्या उंबऱ्यातही पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शिरते.

म्हणून मागणी मोजकीच असावी. खामला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचे पाणी शुद्ध होऊनच पात्रात उतरावे. पूररेषा जागेवर खुणा करून जनतेला दाखवावी. आणि हिमायतबाग, सरोवर व नदीकाठ हा एकच हरितपट्टा मानून विकास आराखड्यात त्यावर बांधकामास कायमची मनाई असावी. शाळा-महाविद्यालयांनी नाल्यांच्या पाण्याची व जुन्या झाडांची नोंद दरवर्षी ठेवली, तर प्रशासनाला विसरणे अवघड जाईल. रोप लावताना छायाचित्र निघते. उभे झाड राखताना निघत नाही. तरीही नगराचे हित आज त्या दुसऱ्या कामातच अधिक आहे.