नव्या गीताचा शेवटचा मुक्काम

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नवे गीत सादर करण्याची एक रीत आता रुळून गेली आहे. गायकवृंद शनिवारी सराव करतो, रविवारी पाळक गीताचे नाव सांगतात, शब्द पडद्यावर येतात किंवा छापील कागद बाकांवरून फिरतात आणि त्यापुढची चार-पाच मिनिटे मंडळी उभी राहून गायकवृंदाचे गाणे ऐकते. तेच गीत पुन्हा घेतले जाते तेव्हा मध्ये महिना-दीड महिना उलटलेला असतो, त्यामुळे चाल पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागते. दोन-तीन खेपांनंतर ते यादीतून गळते आणि मंडळीला नवे काही नकोच असते, असा निष्कर्ष काढला जातो. मराठी ख्रिस्ती गीतांच्या इतिहासाला हा निष्कर्ष धरून नाही. जुनी म्हणून ज्यांचा आग्रह धरला जातो त्यांपैकी कितीतरी गीते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नवीच होती आणि तरीही मंडळ्यांनी ती उचलली. त्या स्वीकारामागची कारणे पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: उपासना हा नव्या गीताचा पहिला मुक्काम नसून शेवटचा असावा लागतो.

मंडळीने गीत स्वीकारले असे केव्हा म्हणावे, हे आधी ठरवले पाहिजे. गीत आवडणे, ते ऐकताच ओळखणे आणि ते स्वतःच्या आवाजात म्हणता येणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि ध्वनिमुद्रणांच्या काळात पहिल्या दोन पायऱ्या इतक्या सहज चढता येतात की तिसरी चढली गेलेली नाही हे लक्षातही येत नाही. आजाऱ्याच्या घरी, प्रवासात किंवा अंत्यविधीच्या वेळी, जिथे पेटी नाही, पुस्तक नाही आणि गायकवृंदही नाही, तिथे कोणीतरी एकाने सुरुवात करताच उरलेल्यांना जे गीत पुढे नेता येते तेच मंडळीचे झाले, ही कसोटी कठोर असली तरी खरी आहे.

या कसोटीला उतरलेल्या गीतांमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या रचनांचे स्थान सर्वांत मोठे आहे. टिळकांचे तरुणपण आणि संस्कृतचे अध्ययन नाशिकचे, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, आणि टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण करणाऱ्या लक्ष्मीबाईंचा मृत्यूही 1936 मध्ये नाशिकलाच झाला. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत त्यांनी लिहिलेल्या गीतांपैकी सुमारे अडीचशे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात रुजू झाली. त्यांचे बरेचसे कार्य अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिघात झाले, म्हणजे ज्या परंपरेत छापील प्रार्थनापुस्तकाचे बंधन नव्हते अशा परंपरेत. नाशिकमध्ये मात्र 1832 पासून चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकन परंपरेचे काम होते आणि शरणपूरची ख्रिस्ती वसाहत त्याच कामातून उभी राहिली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेने हे दोन प्रवाह 1970 मध्ये एका छत्राखाली आले. उपासनाक्रम आणि चर्चव्यवस्था यांबाबत इतके अंतर असलेल्या मंडळ्यांच्या तोंडी एकच गीते असावीत, हे केवळ घोषणेने घडणारे नव्हते.

त्याचे पहिले कारण छंदशास्त्रात आहे. मिशनरींच्या आरंभीच्या काळातील बरीच गीते इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे होती. इंग्रजी गीतांचा सर्वांत प्रचलित साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा असून त्यात ओळीचे पहिले अक्षर आघातहीन व दुसरे आघातयुक्त असते. इंग्रजीत नामाच्या आधी उपपद किंवा शब्दयोगी अव्यय येत असल्याने ती हलकी जागा आपोआप भरते. मराठीत विभक्तिप्रत्यय नामाच्या मागे लागतात, म्हणून त्याच चालीत शब्दाचे मूळ अक्षर हलक्या स्वरावर पडते आणि जोर मात्र प्रत्ययावर येतो. शिवाय 'देव', 'जीव', 'प्रेम' असे शब्द बोलताना अंत्य 'अ' गळतो आणि पद्यात तो पूर्ण उच्चारला जातो, त्यामुळे अशा शब्दाला एक स्वर द्यावा की दोन, हा प्रश्न प्रत्येक ओळीत उभा राहतो. ओवी आणि अभंग या छंदांत ही अडचण उरत नाही. ते अक्षरसंख्येवर चालतात, अक्षर गरजेप्रमाणे लांबवण्याची मुभा देतात आणि यमकाच्या जागा ठरलेल्या असल्याने पुढची ओळ स्मरणात आणून देतात. टिळकांच्या अभंगरचनेचे शब्द नवे होते, पण ते म्हणण्याची रीत मराठी माणसाला लहानपणापासून अवगत होती. म्हणजे शिकण्याचे निम्मे काम गीत लिहिले जाण्याच्या आधीच झालेले होते.

दुसरे कारण गीताच्या प्रवासमार्गात आहे. अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू झाली आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी तिच्यासाठी पदे रचली. कीर्तनात पद एकदाच म्हणून सोडले जात नाही. निरूपणाच्या ओघात ध्रुपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परतणारी ओळ, पुन्हा पुन्हा येते, कीर्तनकार ती सांगतो, साथीदार उचलतात आणि श्रोते नकळत म्हणू लागतात. तंजावरच्या मराठा राजवटीत, सरफोजी राजांबरोबर श्वार्ट्झ या मिशनरींच्या हाताखाली शिकलेल्या वेदनायगम शास्त्री (1774–1864) यांच्या तमिळ रचनाही अशाच कथागायनातून लोकांपर्यंत पोचल्या. पाश्चात्त्य जगातही याचे प्रतिरूप सापडते: इंग्लंडच्या पार्लमेंटने 1645 मध्ये मान्य केलेल्या उपासना-मार्गदर्शिकेत, मंडळीतील पुष्कळांना वाचता येत नसेल तर स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी व मग सर्वांनी ती गावी, अशी सूचना होती, स्कॉटलंडच्या गेलिक भाषिक मंडळ्यांत आणि अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय मंडळ्यांत ती पद्धत अजून टिकून आहे. सांगणारा आणि झेलणारा ही रचना निरक्षरतेवरील उपाय म्हणून आली असली, तरी गीत न येणाऱ्याला पहिल्याच दिवशी गाण्यात सामील करून घेणे हा तिचा खरा गुण आहे आणि साक्षर मंडळीलाही त्याची तितकीच गरज असते.

नवेपणाला होणारा विरोध हाही एकट्या मराठी मंडळ्यांचा स्वभाव नव्हे. इंग्रजी गीतकार आयझॅक वॉट्स यांचा गीतसंग्रह 1707 मध्ये छापला गेला, तरी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये छंदोबद्ध स्तोत्रांखेरीज अन्य गीते गाण्यावरून शेफील्डच्या एका मंडळीचा वाद 1820 मध्ये धर्मन्यायालयापर्यंत गेला. मधल्या शतकभरात ती गीते प्रार्थनागटांत आणि घराघरांत गायिली जात होती आणि उपासनेचे दार उघडले तेव्हा पुष्कळांना ती पाठच होती.

आजच्या अडचणी निराळ्या आहेत. अनेक नवी गीते मुळात एकट्या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी बांधलेली असतात. त्यांत कडव्यांमधील वाद्यसंगीत लांब असते, त्यामुळे पुन्हा कोठे उचलायचे हे मंडळीला कळत नाही, आणि चाल तार सप्तकात पंचमापर्यंत जाते. काळी एकला षड्ज धरून तार पंचम गाठणे सरावलेल्या गळ्याला जमते, परंतु बाकांवरील बहुतेक पुरुष आणि वयस्क स्त्रिया तिथे थांबतात, आणि एकदा थांबलेला माणूस पुढच्या कडव्यात सहसा परत येत नाही. अशा वेळी पट्टी उतरवावी, वाद्यसंगीत गाळून ध्रुपदाच्या शेवटच्या ओळीनेच प्रत्येक कडव्याची सुरुवात करून द्यावी आणि हरकती व ताना गायकवृंदाने पहिल्या काही महिन्यांत वर्ज्य कराव्यात. मंडळीला अनुकरणासाठी सरळ चाल लागते आणि दर रविवारी वेगळी हरकत ऐकू आली तर मूळ चाल कोणती हेच ठरत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम आखताना क्रम उलटा धरणे हितावह ठरेल. निवडलेले गीत आधी संडे स्कूलमध्ये शिकवावे, कारण मुले ते घरी नेतात. नंतर महिला मंडळात, तरुण संघात आणि घरोघरच्या प्रार्थनासभांत ते चार-सहा आठवडे घ्यावे, आणि या काळात ऑर्गनवादकाने उपासनेच्या आरंभी किंवा अर्पणाच्या वेळी नुसती चाल वाजवत राहावी. त्यानंतर गीत उपासनेत आणावे ते एकाच ठरलेल्या जागी आणि लागोपाठचे काही रविवार. नाताळ किंवा उपवासकाळ यांची गीते वर्षातून एकदाच येत असल्याने ती रुजायला वर्षे लागतात, म्हणून आरंभ कोणत्याही रविवारी चालणाऱ्या गीतापासून करावा. वर्षाला चार-पाचहून अधिक नवी गीते घेतल्यास एकही पक्के होत नाही, आणि पाचांमागे दोन टिकली तरी तो चांगला हिशेब मानावा. कोणते गीत केव्हा घेतले आणि ध्रुपदापलीकडे मंडळी किती गायिली, याची साधी नोंदवही ठेवली तर पुढची निवड अनुभवावर आधारता येईल.

ही सारी मेहनत कोणत्या गीतासाठी करायची, हा निर्णय मात्र पाळक आणि संगीतप्रमुख यांनी एकत्र बसून, शब्द वाचून घ्यावयाचा आहे. जे गीत लोकांना पाठ होते तेच त्यांच्या श्रद्धेची भाषा बनते, प्रवचने विसरली गेल्यावरही ते उरते. म्हणून चाल गोड आहे किंवा समाजमाध्यमांवर गाजली आहे एवढ्यावर गीत निवडणे ही जबाबदारी टाळणे होय. निवड कठोर, संख्या थोडी आणि शिकवणे उपासनेच्या बाहेर, या तीन नियमांनी चालणाऱ्या मंडळीत नवे गीत लादावे लागणार नाही आणि जुन्या गीतांनाही त्याच्यापासून भय राहणार नाही.